कुठलं नाव?

नोव्हेंबरातली दुपार. इंदूरच्या लोकमान्य नगरातल्या एका घराच्या ओट्यावर मिठात मुरवलेल्या आवळ्याच्या फोडी वाळत होत्या आणि शेजारी, उन्हाची तिरीप चुकवून, मतदारयादीचं घरोघरचं काम बघणाऱ्या बीएलओ बाई प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत रबर लावलेले फॉर्मचे गठ्ठे, एकेका गल्लीचा एकेक. मतदारयाद्यांचं विशेष सखोल पुनरीक्षण, म्हणजे यादीतलं प्रत्येक नाव नव्याने पडताळायचं काम, सुरू झालं होतं. प्रत्येक मतदारामागे दोन प्रती, एक भरून परत द्यायची आणि दुसरी पोच म्हणून घरात ठेवायची. घरातल्यांचे फॉर्म शोधता शोधता त्यांनी आजींना सहज विचारलं, "माताजी, आपका नाम?" आजी पंच्याहत्तरी ओलांडलेल्या. फोडी उलटणारा हात त्यांनी थांबवला, बाईंकडे पाहिलं, मग सुनेकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "कुठलं सांगू गं?"

सून हसली, नातू हसला. बाईंना मराठी कळलं नाही, त्यांनी फोटो पाहून फॉर्म काढला आणि काम पुढे सरकलं.

तो प्रश्न मात्र तिथून हलेना. पन्नास-पंचावन्न वर्षं ज्या नावाने मत दिलं, ज्या नावाने पेन्शन घेतली, त्या नावाबद्दलही उत्तर देण्याआधी एका बाईला क्षणभर थांबावं लागतं. विसराळूपणामुळे नव्हे. तिला खरोखरच दोन नावं आहेत आणि त्यांतलं एक कुणी विचारत नाही.

सुनेची अडचण निराळी निघाली. त्या फॉर्मचा वरचा भाग छापूनच येतो: नाव, ओळखपत्राचा क्रमांक, भाग क्रमांक, यादीतला अनुक्रमांक, जुना फोटो. मधे जन्मतारीख, मोबाइल, आईवडिलांची आणि जोडीदाराची नावं. खरी मेख खालच्या दोन रकान्यांत असते. डावीकडे २००३ सालच्या, म्हणजे मागच्या अशाच पुनरीक्षणाच्या, यादीत तुम्ही स्वतः असाल तर तुमचा तपशील, उजवीकडे तुम्ही नसाल तर त्या जुन्या यादीतल्या नातेवाइकाचा. आजींचा डावा रकाना दोन मिनिटांत भरून झाला. सून २००३ साली शाळेत होती, म्हणजे तिचा उजवा. "नवऱ्याचं लिही की, तो आहे ना यादीत," आजी म्हणाल्या. बाईंनी मान हलवली. "पति का नहीं चलेगा. माँ-बाप का लगेगा." सुनेचं माहेर महाराष्ट्रातलं, नगर जिल्ह्यातलं. इथे आल्यावर तिचं आडनाव बदललं तसं पहिलं नावही बदललं. शाळा सोडल्याचा दाखला एका नावाचा, मतदार ओळखपत्र दुसऱ्या. आता वडिलांची नोंद शोधायची ती दुसऱ्या राज्याच्या जुन्या यादीत, आणि ते वडील आपले असं दाखवायचं ते त्यांनी कधी न ठेवलेल्या नावानिशी.

हे ऐकताना मनात दोन गोष्टी एकदम आल्या. बाईची ओळख नवऱ्यावरून धरायची नाही, असं एखादा सरकारी कागद स्पष्ट सांगतो, हे बरं वाटलं. आणि ज्या घरांनी लग्नाच्या दिवशी तिचं माहेरचं नाव पुसून टाकलं, त्या घरांचा भुर्दंड पुन्हा तिनेच भरायचा, याचा राग आला.

ते पुसणं आपल्याकडे किती सुंदर केलेलं असतं! गृहप्रवेश होतो, माप ओलांडलं जातं, लक्ष्मीपूजन होतं. ताटात अर्धा-पाऊण किलो तांदूळ हाताने एकसारखा पसरतात. नवरा मुलगा अंगठीच्या कडेने त्यात नवं नाव लिहितो, बारीक अक्षर उमटत नाही म्हणून ठसठशीत, ताटभर. सगळे वाकून वाचतात, कुणी म्हणतं छान आहे, कुणी म्हणतं जुळतंय हो दोघांचं. साखर वाटली जाते. ताट उचललं की तांदूळ सरकतात आणि अक्षरं मोडतात, नाव मात्र चिकटतं ते कायमचं. त्या ताटाशी बसलेल्या मुलीला ते आवडलंही असेल. अनेकींना आवडतं, आणि त्यांना खोटं पाडायचा हक्क कुणाला नाही. पण तिला कुणी विचारलं होतं का, हे आपण फार क्वचित विचारतो. याच समारंभाची दुसरी बाजू म्हणजे नवऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं नाही. "अहो", "हे", "इकडून". घ्यायचंच झालं तर उखाण्यात, यमक जुळवून. म्हणजे तिचं स्वतःचं नाव गेलेलं आणि नवऱ्याचं उच्चारायचं नाही. अशा बाईच्या दारात उद्या कुणी वही घेऊन उभा राहिला तर ती काय सांगेल?

हे खरंच घडलं होतं. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी याद्या करायचं काम राज्यघटना लागू होण्याच्याही आधी, १९४८ मध्येच सुरू झालं होतं. घरोघर जाऊन नावं टिपायची, एकवीस वर्षं पुरी झालेला प्रत्येक माणूस, मग तो कुठल्याही जातीचा, शिकलेला, न शिकलेला, पुरुष वा स्त्री. जवळपास १७ कोटी ३० लाख नावं जमली, त्यांत स्त्रिया सुमारे आठ कोटी. आणि असंख्य घरांतून त्यांची नावं आलीच नाहीत. आली ती नाती: अमक्याची बायको, तमक्याची आई. परक्या पुरुषाला आपलं नाव सांगणं अनेक ठिकाणी मर्यादेबाहेरचं होतं, आणि पुष्कळदा दारात उत्तर द्यायला पुरुषच पुढे यायचा. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी निक्षून सांगितलं की नावाशिवाय नोंद धरायची नाही, दुरुस्ती करून घ्या. तरीही सुमारे २८ लाख बायकांनी नाव सांगितलं नाही. त्यांच्या नोंदी यादीतून काढल्या गेल्या.

२८ लाख.

अशा नोंदी कुठे सापडल्या? बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, विंध्य प्रदेश आणि मध्य भारत. मध्य भारत म्हणजे आपलंच. ग्वाल्हेर हिवाळी राजधानी, इंदूर उन्हाळी. आजचा मध्य प्रदेश झाला तो १९५६ मध्ये, तेव्हा त्या पाच नावांतलं हे पाचवं नाव वाचताना आपण पटकन पुढे सरकतो. सरकू नये. बिहारला दुरुस्तीसाठी महिनाभर जास्तीची मुदत मिळाली आणि तिथे तिचा उपयोग झाला, पुष्कळ बायकांनी नावं दिली. म्हणजे दुरुस्त होण्यासारखी गोष्ट होती, कुणीतरी पुन्हा दारात जाऊन, थांबून, घरातल्या बाईशी बोलायला हवं होतं.

सेन यांनी कठोरपणा केला का? केला. आठ कोटींत २८ लाख म्हणजे शंभरांतल्या साधारण साडेतीन. ज्यांना देशाच्या जन्मापासून कुठलाच हक्क मिळाला नव्हता, त्यांच्या हातातला पहिलाच हक्क काढून घ्यायचा हे वाचताना आजही टोचतं. पण दुसरा रस्ता काय होता, तेही पाहावं. यादी केंद्रावर मोठ्याने वाचली जाते. मतदार समोर येतो, अधिकारी नाव पुकारतो, उमेदवारांचे प्रतिनिधी आपापल्या प्रतीवर खूण करतात. "रामलालची बायको" म्हणून कुणी आलं तर ती तीच कशावरून? गावात रामलाल तीन. हिंदू विवाह कायदा १९५५ चा, म्हणजे तोवर एका रामलालच्या दोन बायका असायलाही बहुतेक ठिकाणी कायद्याची आडकाठी नव्हती. रामलाल वारला तर ती नोंद कुणाची? नात्याने केलेली नोंद ही नवऱ्याच्या नोंदीची शेपटी असते, तिच्यावर कुणीही येऊन मत टाकून जाऊ शकतं. हा गोंधळ पुढच्या निवडणुकीपर्यंत संकोच मोडून काढील, अशी सेन यांची आशा होती. मला त्यांचा निर्णय बरोबर वाटतो, आणि त्या २८ लाखांतल्या एकेकीबद्दल वाईटही वाटतं. या दोन्ही गोष्टी मनात शेजारी शेजारी राहतात, एकीने दुसरी मिटत नाही.

शिवाय ही लढाई तेव्हा जुनीच होती. १८ डिसेंबर १९१७ ला मद्रासमध्ये सरोजिनी नायडूंच्या नेतृत्वाखाली बायकांचं शिष्टमंडळ ब्रिटिश सरकारचे भारतमंत्री माँटेग्यू यांना भेटलं आणि पुरुषांइतकाच मताचा हक्क मागितला. पुढे मताधिकार कुणाला द्यायचा हे पाहणाऱ्या साउथबरो समितीने नाही म्हटलं. हेराबाई टाटा आणि त्यांची मुलगी मिठन १९१९ मध्ये लंडनला जाऊन मागणी मांडून आल्या. शेवटी प्रांतांवर सोडलं गेलं आणि मुंबई इलाख्यात १९२१ मध्ये हक्क मिळाला, पण मालमत्तेच्या अटींनी इतका आखडलेला की फार थोड्या बायकांपर्यंत पोचला. १९३५ च्या कायद्याने आकडा सुमारे ६० लाखांवर नेला. कसा? ठरावीक मालमत्ता असलेल्या पुरुषाची बायको म्हणून, किंवा लिहिता-वाचता येतं म्हणून. अखिल भारतीय महिला परिषदेने या पहिल्या अटीला कडाडून विरोध केला होता. आम्हाला मत नागरिक म्हणून हवं, कुणाची तरी पत्नी म्हणून नको, हे त्यांचं म्हणणं. त्या परिषदेची पहिली बैठक जानेवारी १९२७ मध्ये पुण्यात भरली आणि अध्यक्ष होत्या बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई. संस्थानी इंदुरातल्या, ग्वाल्हेरातल्या बायकांना तो ब्रिटिश मुलखातला कायदा लागूही नव्हता. त्यांना मत मिळालं ते एकदम प्रजासत्ताकाने, ३२६व्या कलमाने, कुठलीही अट न घालता. पण ते "पत्नी म्हणून नको" हे शब्द बायकांनी उच्चारून वीस वर्षंही झाली नव्हती, आणि घराच्या दारातून "अमक्याची बायको" हेच बाहेर आलं.

इंदुरात राहताना ही गोष्ट जास्त लागते, कारण इथे एका बाईचं नाव जागोजाग आहे. विद्यापीठावर, विमानतळावर, दुकानांच्या पाट्यांवर. तिच्या जन्मगावाचा जिल्हा, सुनेच्या माहेरचा तो नगर जिल्हा, २०२४ मध्ये तिच्याच नावाचा झाला. आणि घराघरांत भक्तिभावाने सांगतात की अहिल्याबाई हुकमावर स्वतःचं नाव घालत नसत, "श्रीशंकर" लिहीत. राज्य देवाचं, आपण कारभारी, हा त्यामागचा भाव थोरच आहे. पण तो तिने स्वतः निवडला होता, राज्य हातात असताना. ज्यांना निवडायलाच मिळालं नाही त्यांच्याकडे पाहताना हा फरक विसरू नये. ग्वाल्हेरच्या राजवाड्यातही तांदळाच्या ताटाची रीत चुकली नाही. सागरच्या लेखा दिव्येश्वरी १९४१ मध्ये शिंद्यांच्या घरी आल्या आणि विजयाराजे झाल्या. १९५७ मध्ये गुण्याहून लोकसभेत निवडून आल्या त्या याच नावाने. चिपळूणला जन्मलेल्या सुमित्राताई महाजन लग्न होऊन इंदुरात आल्या, १९८९ पासून सलग आठ वेळा इथून निवडून गेल्या आणि पुढे लोकसभेच्या अध्यक्ष झाल्या. सासरी आलेली बाई शहराचं नाव काढते, हे इथल्या प्रत्येक सुनेला माहीत आहे. तरीही याच राज्यात २०२२ मध्ये काही गावांत निवडून आलेल्या बायकांच्या जागी त्यांच्या नवऱ्यांनी, नातेवाइकांनी पंचायतीची शपथ घेतली. मतपत्रिकेवर नाव तिचं, माइकसमोर आवाज त्याचा.

आता मतदानाच्या टक्केवारीत बायका मागे नाहीत. १९६२ मध्ये पुरुष साधारण ६३ टक्के आणि स्त्रिया ४७ च्या आत असं अंतर होतं. २०१९ च्या लोकसभेला स्त्रिया पुरुषांच्या किंचित पुढे गेल्या. घसरण होते ती मतदानाच्या दिवशी नव्हे, त्याआधी, यादीत. आणि ती होते नेमकी लग्नाच्या सुमाराला.

ती अशी होते. मुलीचं नाव अठराव्या वर्षी माहेरच्या पत्त्यावर चढतं. लग्न होतं. सासरचं कुणीतरी हौसेने तिच्यासाठी सहा नंबरचा फॉर्म भरतं, जो नव्या मतदाराचा असतो. त्यात "आधी कुठेही नाव नाही" या प्रतिज्ञेखाली ती सही करते, वाचते की नाही देव जाणे. नाव जर निराळं असेल तर संगणकालाही दोन नोंदी एकाच बाईच्या आहेत हे कळत नाही. झाली दुबार नोंद. कायद्याने दोन ठिकाणी नाव ठेवता येत नाही आणि खोट्या प्रतिज्ञेला एक वर्षापर्यंत शिक्षा आहे. उलटही घडतं. माहेरचा बीएलओ "लग्न होऊन गेली" म्हणून नाव काढायची शिफारस करतो, सासरी अजून कुणी अर्ज केलेला नसतो, आणि मधल्या निवडणुकीत ती कुठेच नसते. दोन्हींवर इलाज एकच. फॉर्म ८ भरायचा. त्यात स्थलांतर आणि दुरुस्ती दोन्हींची सोय आहे, ओळखपत्राचा क्रमांक तोच राहतो, म्हणून जुनी नोंद आपोआप नव्या पत्त्यावर येते. लग्नाचा दाखला हाताशी असावा. आडनाव बदललं तर बहुतेक ठिकाणी तेवढ्यावर भागतं, पण पहिलं नाव बदललं की शपथपत्र, वर्तमानपत्रातली जाहिरात, राजपत्र ही वाट सुरू होते आणि ती वाट एकदा चालून संपत नाही. बँक, पॅन, पासपोर्ट, पदवी, सगळ्यांच्या पायऱ्या चढाव्या लागतात. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असं सांगणारा कुठलाही कायदा नाही. नात्याच्या रकान्यात नवऱ्याचंच नाव घालावं अशीही सक्ती नाही, वडिलांचं चालतं, आईचं चालतं. हे लग्न ठरल्यावर मुलीला सांगायला हवं, मेंदी काढताना सांगितलं तरी चालेल.

मतदानाच्या दिवशी नाव यादीत असून त्यापुढे "गैरहजर, स्थलांतरित, मृत" अशी खूण सापडली तर परत फिरू नये. ओळख पटवून, सही आणि अंगठा दोन्ही देऊन मत देता येतं. आपल्या नावावर आधीच कुणी मत टाकून गेलेलं असेल तर केंद्राध्यक्षांकडे प्रदत्त मत मागायचं, ते यंत्रावर नाही, कागदी मतपत्रिकेवर देतात. नावातल्या काना-मात्रेच्या चुकीवरून कुणी अडवत असेल तर ओळख पटली की पुरे. आणि नावच यादीत नसेल तर हातातलं ओळखपत्र काही करू शकत नाही. म्हणून यादी आधी बघायची.

इंदुरातल्या मराठी नावांना आणखी एक त्रास आहे. यादी हिंदीत छापते आणि हिंदीला ळ नाही. काळे तिथे काले होतात, होळकरांचे होलकर. तीन शब्दांचं आपलं नाव नाव-आडनावाच्या दोन चौकटींत बसवताना मधलं नाव कधी आडनावात जातं, कधी गळतं. मुलीच्या महाराष्ट्रातल्या दाखल्यावर ळ, इथल्या ओळखपत्रावर ल, आणि पडताळणीला बसलेल्या माणसाला ही दोन वेगळी माणसं वाटतात.

त्या ओट्यावरची सून तीन दिवस वडिलांची नोंद शोधत होती. आजच्या मतदारसंघाचं नाव टाकलं तर सापडेना, कारण जुन्या याद्या २००८ च्या पुनर्रचनेआधीच्या मतदारसंघांच्या आहेत. मग भावाला फोन करून गावातल्या शाळेचं नाव धरलं, कारण मतदान तिथेच होत असे. स्कॅन केलेली पानं, शोधायची सोय नाही, बोटाने एकेक पान सरकवत जायचं. घर क्रमांक सापडला. वडिलांची ओळ सापडली. तिच्याखालीच आईची होती, संपूर्ण नाव, वय, अनुक्रमांक.

बीएलओ बाई फॉर्म न्यायला आल्या तेव्हा आवळ्याच्या फोडी वाळून चिवट झाल्या होत्या. सुनेने उजव्या रकान्यात भाग क्रमांक, अनुक्रमांक लिहून ठेवलं होतं आणि नात्यासमोर "माता". बाईंनी पाहिलं, "पिताजी का नहीं मिला?" मिळालं होतं. तिने आईचं लिहिलं होतं. बाईंनी पोचेच्या प्रतीवर सही केली. आजींनी ती प्रत हातात घेतली, चष्मा पुढे ओढला आणि सुनेच्या आईचं नाव अक्षर अक्षर लावत मोठ्याने वाचलं. बारा वर्षं त्या तिला फक्त "विहीणबाई" म्हणत आल्या होत्या.

नातू कडेला बसून पाहत होता. "आजी, तुझं ते दुसरं नाव काय होतं?"

आजींनी सांगितलं. त्याने वहीचं मागचं पान उघडलं, पेन्सिल टेकवली आणि थांबला.

"ल का ळ?"

"ळ," आजी म्हणाल्या. "बाळातला ळ."